भत्त्याचा भात

बाळांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुमच्या नावातलं अर्धं अक्षर सरकारला जास्तीचं वाटू लागलंय.

भाषेत काटकसर नसेल तर राष्ट्र टिकत नाही. फार पूर्वीची माणसं हाताला 'हत्थ', कामाला 'कम्म' आणि भाताला 'भत्त' म्हणत. पुढं त्या दुहेरी अक्षरांच्या जोडीतलं एकेक अक्षर गळालं आणि भरपाई म्हणून मागचा स्वर लांबला. पण एवढ्याशा कामाला शेकडो वर्षं लागली (देखरेखीला साहेब नव्हता). म्हणून १९६१ साली द्वित्व निवारण समिती हट्टा गावी आली. उरलेल्या सगळ्या जोड्या मार्चअखेर फोडायच्या होत्या. 'पक्का'चं 'पाका' झालं, 'कच्चा'चं 'काचा'. बोलीतल्या कुत्त्याचा कूता झाला. तो मात्र पूर्वीसारखाच भुंकला. हट्टा गाव हाटा झालं. (दिल्लीची दीली करायला वरून मंजुरी यायची होती.)

शाळेच्या हजेरीत मुन्नीची मूनी झाली.

"काहून वं मुनी महाराज, दाढी घरीच ठेवली का?" पोरं विचारू लागली.

मुन्नी रडत फकिरा गुरुजींकडे गेली. "गुरुजी, मले माहं नाव वापस पाह्यजे."

"आदेश हाय बाई. पाळा लागते."

"पुरा पाळा लागते?"

"हौ. पुरा."

मुन्नीनं डोळे पुसले.

समितीचा मुक्कामाचा भत्ता गावानं द्यायचा होता. निघायच्या दिवशी अध्यक्ष दुलीचंदजी शाळेच्या ओसरीत मांडी घालून म्हणाले, "चलो, भत्ता आणा."

मुन्नीनं पळसाच्या पत्रावळीवर वाफाळता भात आणून ठेवला.

"ये क्या है? मी भत्ता मागितला!"

"एक त काढला साहेब, मागचा स्वर लांबवला. शेवटचा काना जास्तीचा होता, तोबी वाचवला. मीठ देऊ का?"

समितीनं भात खाल्ला (भूक लागली होती) आणि भाषेच्या प्रकृतीचा नव्यानं विचार केला. रुळलेल्या शब्दांना सूट द्यायचं एकमतानं ठरलं. पहिली सूट 'भत्ता' या शब्दाला मिळाली. हात धुवायचा लोटा मुन्नीच्या हातात होता, म्हणून दुसरी 'मुन्नी'ला.

हसलात ना? तुमच्याही हाताचं, कामाचं अर्धं अक्षर केव्हाच कुणीतरी नेलंय. तुम्ही कधी चौकशी केली? मुन्नीनं केली. गुरुजींकडून तिनं 'हत्थ' आणि 'कम्म' घोकून घेतलं, समितीची जीप अजून सुरू झाली नाही हे पाहिलं, आणि तीही अक्षरं परत मागायला भाताचं दुसरं पातेलं चुलीवर चढवलं.