मावशीचं एकच ‘हाय’

साल २०२३, मार्चची एकतीस तारीख. घासाघीस शिकावी ती निजामपुऱ्यातल्या बायांकडून, असं कलावतीमावशीचं ठाम मत. पंचवीस वर्षं तिथल्या लूमवर सुताच्या कांड्या भरून तिने जी लुगडी घेतली, ती सगळी दुकानाची पायरी उतरून. तिसऱ्या पायरीपर्यंत दुकानदाराने परत हाक मारली नाही, असं एकदाही झालं नव्हतं.

त्या दिवशी ती भाच्याचा, सुगतचा, विसरलेला डबा घेऊन मानकोलीच्या गोदामात गेली. सुगत तिथला खरेदी अधिकारी. काचेच्या खोलीत पडद्यासमोर घाम पुसत बसला होता. मावशी दिसताच त्याने व्हिडिओ कॉलवरचा आपला आवाज बंद केला.

“काय घेतोस एवढं?”

“माल मोजायची पाचशे हातयंत्रं, आणि ती चालवायचं सॉफ्टवेअर. बेंगळुरूचा हा रंगनाथन एक कोटी वीस लाख सांगतोय. नव्वदच्या आत आणलं नाही तर खरेदीचं टेबल गुरुग्रामच्या मुख्य कचेरीत जाईल. टेबलाबरोबर मीही.”

सुगत गेला तर मावशी एकटी पडणार. घरात ती दोघंच. पण कुतूहल काही गप्प बसेना. “हा खरा भाव हाय का?”

“छे, ही छापील किंमत. ती कुणीच देत नाही.”

“मंग छापतात कशाला?”

“कमी करायला.”

मावशीला कंपन्यांबद्दल एकदम आपुलकी वाटली. “आज उतरंल तो?”

“आज त्यांच्या वर्षाचा शेवटचा दिवस. विक्री दाखवायची त्यालाही घाई आहे.”

“मंग पायरी उतर की.”

सुगतला ते पटलं. आवाज चालू करून तो म्हणाला, “वरिष्ठांना विचारावं लागेल,” आणि मावशीच्या कानात, “त्याला दहा मिनिटं ताटकळू दे. तू बोलू नकोस,” असं सांगून बाहेर गेला.

मावशी रिकाम्या खुर्चीत टेकली. पांढरं लुगडं, चष्म्यावरून रोखलेली नजर. ह्याच त्या वरिष्ठ, असं रंगनाथनने ठरवून टाकलं.

“मॅडम, एक करोड़ दस.”

मावशी गप्प. त्याला वाटलं, लाइन तुटली. “मॅडम, आप हैं ना?”

माणूस हाक मारतोय आणि ओ द्यायची नाही, हे मावशीला जमेना. “हाय.”

रंगनाथनला ते इंग्रजीतलं ‘high’ ऐकू आलं. म्हणजे भाव चढा. “एक करोड़?” पुन्हा शांतता. “आप हैं ना?”

“हाय.”

“नब्बे. मॅडम, हैं?”

“हाय, हाय,” मावशी वैतागली. किती वेळा विचारायचं एखाद्याने.

“अस्सी! एक साल मेंटेनेंस फ्री. इसके नीचे मेरी नौकरी जाएगी.”

नोकरीचं नाव निघताच मावशी कळवळली. “न्हाय रे बाबा, न्हाय.” रंगनाथनला तो नकार ऐंशी लाखांना वाटला.

सुगत परतला तेव्हा पडद्यावर पंचाहत्तर लाख लिहिलेले होते आणि रंगनाथन पाणी पीत होता.

पुढे सुगतला बढती मिळाली. इतकी स्वस्त खरेदी करणारा माणूस मुख्य कचेरीत हवा म्हणून त्याला गुरुग्रामलाच नेलं. मावशी महिनाभर धड जेवली नाही. रंगनाथनची नोकरी गेली नाही, पण “आधी तिथली भाषा शिका,” म्हणून कंपनीने त्याला ठाण्याच्या शाखेत बसवलं.

पुढच्या मार्चला मेंटेनन्सचा करार आला. सुगतने मोठ्या विश्वासाने मावशीला निजामपुऱ्याहून व्हिडिओवर बसवलं. रंगनाथनने सबंध छापील किंमत सांगितली आणि थांबला.

“मावशी, आहात ना?”

“हाय.”

“ठरलं तर,” तो स्वच्छ मराठीत म्हणाला, आणि सुगत तोंड उघडायच्या आत होकार मिळाल्याचं पत्र पाठवून मोकळा झाला.

तेव्हापासून मावशी फोनवर ओ देत नाही. नुसती खाकरते.