चीफसाहेबांचे खरपूस कपकेक

आगीच्या बाबतीत मला कोणी शिकवायचं नाही! आयोवातल्या आमच्या टिचभर गावाच्या अग्निशमन दलाचा मी प्रमुख. दर ऑक्टोबरात शाळेत जाऊन पोरांना दम भरतो, "हॅलोविनचे झगे घालून मेणबत्तीजवळ फिरकायचं नाही! कपड्यांनी पेट घेतला तर काय करायचं?" पोरं एका सुरात ओरडतात, "थांब! पड! लोळ!"

तर हा मी, हॅलोविनच्या सकाळी, आमच्या स्वयंपाकघरात. शाळेतल्या सोंगांच्या मिरवणुकीसाठी बुजगावण्याच्या वेशात. कॉलरमधून गवत, बाह्यांतून गवत. आणि हातात गॅसचा पेटता बर्नर, थंडीत गोठलेले नळ मोकळे करायचा!

हे सगळं ग्रेटासाठी. नात माझी. उन्हाळ्यात आईबरोबर डेन्व्हरहून इथं आली, तिसरीत बसली, पण अजून एकही मैत्रीण नाही. डबा एकटीच खाते. परवा म्हणाली, "आजोबा, वर्गातल्या पार्टीच्या खाऊची पाळी माझी आहे. छान झाला तर मुली माझ्याशी बोलतील." म्हटलं, "बोलतील? तुझ्याशेजारी बसायला भांडतील!"

शेकोटीवर मार्शमेलो, म्हणजे साखरेचा मऊसूत गोळा, भाजायचं आणि चॉकलेटसकट दोन बिस्किटांत दाबून खायचं, यासाठी आमच्याकडची पोरं जीव टाकतात. तेच मी कपकेकमध्ये आणलं. खाली बिस्किटाचा चुरा, त्यावर चॉकलेटचा केक, वर मार्शमेलोचा ढीग. केक झकास फुगले. वरून भाजायचं तेवढं राहिलं.

"ओव्हनमध्ये सरकव की जरा," माझी बायको लॉइस म्हणाली.

"लॉइस, आग मला ओळखते!"

"मग आधी ते गवत तरी काढ."

"आणि परत कोंबत कोण बसणार? शाळेला उशीर होतोय!"

मार्शमेलो मस्त खरपूस होत होते. ग्रेटा टाळ्या पिटत होती. मी ऐटीत वळून तिला डोळा मारला, आणि बाहीतल्या गवतानं पेट घेतला!

"अगं, अग्निशमन दलाला बोलव!" मी बोंबललो.

"अरे, ते तूच ना!" लॉइस ओरडली आणि फोनकडे धावली.

ग्रेटा किंचाळली, "आजोबा! थांब! पड! लोळ!"

इतकी वर्षं शिकवलेलं अंगात भिनलेलं. थांबलो. पडलो. पडताना आधाराला टेबलावरचं कापड धरलं, त्याबरोबर ट्रे धडाधड खाली. मग लोळलो. अगदी मनापासून लोळलो! आग विझली. कपकेकांचा लगदा झाला.

तेवढ्यात माझ्याच कमरेचा, आगीची वर्दी देणारा पेजर बोलू लागला. "बुजगावणं पेटलंय! पत्ता घ्या..." पत्ता आमचाच!

शाळेच्या मिरवणुकीसाठी नटलेलं माझं दल तसंच धावत आलं. सगळ्यांत पुढं ड्वेन, नवरीच्या झग्यात, हातात फेसाचं नळकांडं. टेबलाच्या टोकाला एक ट्रे वाचला होता. "अरे विझलीय, थांब!" म्हणेपर्यंत या नवरीनं तोही फेसानं भरून टाकला.

मग तोंडावरची जाळी वर करून म्हणाला, "चीफ... तुम्ही? झगा घालून, आगीजवळ?"

"कळलं रे, कळलं!"

मान वर होईना. पण दलाचं जाऊ द्या. ग्रेटा रिकामा डबा धरून उभी होती. रडली नाही, चिडली नाही. "चला आजोबा, उशीर होईल," एवढंच म्हणाली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

दुकानातल्या बिस्किटांचे पुडे घेऊन आम्ही वर्गात शिरलो. माझी एक बाही गायब, केसांत मार्शमेलो.

"अगंबाई! हे काय झालं?" बाईंनी विचारलं.

ग्रेटा खाली मान घालून सांगू लागली. गवतापर्यंत आली तेव्हा एक मुलगी फिस्सकन हसली. पेजरपर्यंत येईतो अख्खा वर्ग तिच्याभोवती. "मग? मग काय झालं, ग्रेटा?" एकीनं तर तिचा हात धरून तिला आपल्याशेजारी बसवून घेतलं.

ग्रेटाचा चेहरा असा फुललेला मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. तिनं हळूच माझ्याकडे बघितलं.

"आजोबा, कसे लोळलात ते दाखवा ना."

वर्गात बाई होत्या. पालक होते. दारात ती नवरीही येऊन उभी होती. आणि मी, दलाचा प्रमुख, गुपचूप फरशीवर आडवा झालो आणि फळ्यापासून खिडकीपर्यंत लोळलो.

पोरांनी वन्स मोअर दिला. सांगायला लाज वाटते, पण मी तो घेतला.