कॉम्रेड साळिंदर आणि चाळीस हजार मुंग्या

एका जंगलातली गोष्ट आहे, मुलांनो. कोणत्या, ते विचारू नका. नाव सांगितलं की तिथले लोक चिडतात. आणि ए शेवटच्या रांगेतल्या, पाय खाली घे आधी.

तर त्या जंगलात कॉम्रेड भिवाजी साळिंदर राहत असे. तो 'वणवा' नावाचं साप्ताहिक काढायचा. लेख लिहायचा झाला की पाठीवरचा एक काटा उपटायचा आणि त्यानंच लिहायचा. केवढी ही निष्ठा! पन्नाशीला येईपर्यंत बिचाऱ्याच्या पाठीला टक्कल पडायला लागलं होतं.

तरुणपणी त्यानं सिंहाविरुद्ध एक लेख लिहिला. सिंहानं त्याला तीन दिवस गुहेत डांबलं. त्या तीन दिवसांच्या आठवणी त्यानं पुढे पाच खंडांत लिहिल्या. पहिला खंड पहिल्या दिवशीच्या जेवणापर्यंत येतो.

भिवाजीचा सिद्धांत अगदी सोपा होता. मांस खाणारे ते शोषक. पाला खाणारे ते शोषित. झालं! पण मनापासून मानायचा हो. शोषितांचं नाव निघालं की त्याचे डोळे खरोखर भरून यायचे.

एके सकाळी त्याच्या नाकावर एक म्हातारी मुंगी चढली.

"मी ठमाबाई. पळसाखालच्या वारुळातली. एक काम होतं, दादा."

"दादा नाही, कॉम्रेड म्हणा."

"बरं, कॉम्रेडदादा. नऊ दिवसांनी सिंहाचा वाढदिवस आहे. हत्तींचा कळप मिरवणुकीला आमच्या वारुळावरून जाणार. खाली चाळीस हजार जण आहोत, अंडी वेगळीच. आमची हाक काही हत्तींच्या कानापर्यंत पोचत नाही. पण ते तुमचा 'वणवा' वाचतात. एवढी एक ओळ छापा: पळसाखाली वारूळ आहे, वळसा घालून जा."

भिवाजीचं रक्त सळसळलं. "एक ओळ? अहो, अग्रलेख लिहितो!"

त्यानं चांगला जाडजूड काटा उपटला आणि मथळा घातला, 'शोषक हत्तींनो, खबरदार!' आणि तिथंच त्याचा हात थांबला.

हत्ती पाला खातात.

पाला खाणारा शोषक कसा असेल? भिवाजीला दरदरून घाम फुटला. अख्खा जन्म ज्या सिद्धांतावर काढला तो असा एका सकाळी सोडायचा की काय?

"ठमाबाई," त्यानं घाबरत विचारलं, "तुम्ही काय खाता हो?"

"मिळेल ते. परवा मेलेला नाकतोडा मिळाला. सगळ्यांनी मिळून ओढून आणला. काय चव होती म्हणून सांगू!"

"मांस?" भिवाजी मटकन खाली बसला. "अहो, मग शोषक तुम्हीच!"

"असू दे की. आधी ओळ छापा, मग काय म्हणायचं ते म्हणा."

"तसं नाही चालत, बाई. आधी भूमिका ठरली पाहिजे."

मग भिवाजी भूमिका ठरवायला बसला. सात दिवस बसला. अकरा काटे झिजले. आठव्या दिवशी लेख आला: 'चाळीस हजार मांसाहारी आणि एक अगतिक कळप'. बेचाळीस पानं! वारूळ पळसाखाली आहे हे त्यात होतं बरं का. अगदी शेवटी, बारीक अक्षरांत, एकशे सातव्या टिपेत. हत्तींचा म्होरक्या दुसऱ्या पानावर घोरायला लागला.

ठमाबाईनंही लेख वाचला. ती ओळीओळीवरून चालत वाचायची. तिसऱ्या पानावर ती थबकली, उतरली आणि तडक घरी गेली.

वाढदिवस आला. ढोल वाजले, मिरवणूक निघाली आणि वारूळ सपाट झालं.

भिवाजी ढसाढसा रडला. नाटक नव्हतं ते. हत्तींचा म्होरक्याही कळवळला. "अरेरे! आधी कुणी एक शब्द बोललं असतं तर वळसा घातला असता हो."

मग भिवाजीनं उरलेसुरले काटे उपटून सहाशे पानांचा ग्रंथ लिहिला, 'मुंग्यांचा अंत'. त्यात सिंहाविरुद्ध अवाक्षर नव्हतं. सिंह खूश झाला. त्यानं वनविद्यापीठात मुंगी अध्यासन काढलं आणि त्यावर भिवाजीला बसवलं. रोज दोन टोपल्या रताळी, शिवाय राहायला बीळ.

पहिल्या व्याख्यानाला ही गर्दी! भिवाजीनं घसा खाकरला. तेवढ्यात नाकावर काहीतरी वळवळलं.

"ओळखलं का, कॉम्रेडदादा?"

"ठमाबाई! तुम्ही जिवंत?"

"सगळेच जिवंत. तुमची तीन पानं वाचली आणि म्हटलं, इथं काही खरं नाही. त्याच दिवशी अंडी उचलली. आता ओढ्यापलीकडे असतो. वर सात हजार नवी पोरं झालीत."

भिवाजीचे डोळे आनंदानं भरून आले. मग त्याची नजर समोरच्या ग्रंथाकडे गेली. तिथून रताळ्यांकडे गेली.

"पण बाई," तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "सहाशे पानं झालीत हो!"

ठमाबाईनं त्याची पाठ पाहिली. एक काटा शिल्लक नव्हता. तिला फार वाईट वाटलं.

"बरं, राहू दे. आम्ही मेलो असंच म्हणा. आम्ही नाही कुणाला सांगत."

"नक्की?"

"नक्की. चालू द्या तुमचं."

ती उतरून पहिल्या रांगेत जाऊन बसली. दिवंगत मुंग्यांसाठी भिवाजीनं सगळ्यांना दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं, तेव्हा ठमाबाईही उठून उभी राहिली.

तात्पर्य: संकट आलं की विद्वानाकडे जरूर जावं, मुलांनो. तो लिहायला बसला की आपल्याला घर हलवायला भरपूर वेळ मिळतो.