पस्तीस का एकशेपस्तीस?

आमच्या दौंडच्या रेल्वे कॉलनीत कुणी नवीन राहायला आलं, की सोनवणे आप्पा पहिल्याच दिवशी त्याच्या दारात जाऊन उभे राहत. शर्टाच्या खिशातून एक पुठ्ठा काढत आणि एक डोळा मिटून त्यातून त्या माणसाकडे बघत. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा. त्याला दोन चौकोनी भोकं कापलेली, एक पत्त्याच्या पानाएवढं आणि एक पोस्टाच्या तिकिटाएवढं. आधी मोठ्या भोकातून बघायचं, मग छोट्या. मग पुठ्ठा खिशात घालून विचारायचं, "तुमाला काय वाटतं? पस्तीस का एकशेपस्तीस?"

आम्ही राहायला आलो तेव्हा टेम्पोतून कपाट उतरत होतं. माझ्या नवऱ्यानं कपाटाखालून उत्तर दिलं, "जे स्वस्त असेल ते." आप्पांनी मान हलवली आणि त्याला कायमचं बाद केलं.

आप्पा मालगाडीवर गार्ड होते. त्यांच्याकडे एक जुना रशियन कॅमेरा होता, विटेसारखा जड, रेंजफाइंडर जातीचा. म्हणजे त्यात लेन्समधून बघायचं नसतं. बाजूला एक छोटी खिडकी असते, तिच्यातून बघायचं. त्या खिडकीत माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात, त्या लेन्स फिरवून एकावर एक जुळवायच्या, मग बटण दाबायचं. कॉलनीत नळावर भांडण लागलं की आप्पा जाता जाता म्हणत, "जुळवा, जुळवा जरा. दोन दोन दिसतंय." लोक हसत आणि भांडण निम्मं मिटे.

कॅमेऱ्याला लेन्स एकच होती, पन्नास मिलिमीटरची. "पन्नासात आपल्या डोळ्याला दिसतं तसंच दिसतं," आप्पा म्हणत. "मंग आपलं डोळं काय वाईट हायेत? कॅमेरा कशाला पायजे?" म्हणून दुसरी लेन्स घ्यायची होती. पस्तीसची घेतली तर पुठ्ठ्याच्या मोठ्या भोकातून दिसतं तसं सगळं अंगण एका फोटोत मावतं. एकशेपस्तीसची घेतली तर लांबचं माणूस ओढून जवळ आणता येतं. दोन्ही घेणं आप्पांच्या तत्त्वात बसत नव्हतं. "दोन लेन्सा म्हंजी दोन बायका. एक कायम पेटीत रुसून बसती." पुण्यात एका बोळातल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानदारानं दोन्ही लेन्स त्यांच्यासाठी बाजूला ठेवल्या होत्या. आप्पा सुट्टीच्या दिवशी पास काढून जायचे, दोन्ही लावून बघायचे, चहा घ्यायचे आणि हात हलवत परत यायचे. असं आम्ही यायच्या आधीपासून चालू होतं.

एव्हाना त्यांनी सगळ्या कॉलनीची वाटणी करून टाकली होती. भाजीवाली पस्तीस, कारण तिला एका वेळी अख्खा बाजार दिसतो. माझा नवरा एकशेपस्तीस, कारण त्याला समोरच्या बिल्डिंगमधल्या टीव्हीवरचा स्कोअर दिसतो आणि बायकोच्या हातातली जड पिशवी दिसत नाही. मला मात्र ते पन्नास म्हणाले. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

एकदा मीच विचारलं, "आप्पा, एवढं काय अवघड आहे हो?"

"बाई, एकशेपस्तीस लांबून चालती. तुम्ही हितं, माणूस तिथं. त्याला पत्ताबी लागत न्हाई. पस्तीसला जवळ जावं लागतं, पार त्याच्या म्होरं. लाजऱ्या माणसाचं काम न्हाई ते." एवढं बोलून ते उगीचच रुळांकडे बघत राहिले.

मग माझ्या मुलीचं बारसं झालं. केंदूरहून माझे वडील आले. दादा गावात बोलायला मोकळे, पण कॅमेरा दिसला की पोलीस दिसल्यासारखे ताठ व्हायचे. आमच्याकडे त्यांचे जेवढे फोटो, तेवढ्यांत ते साक्षीला उभे असल्यासारखे. आप्पांनी बारशाचा अख्खा रोल काढला. एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात पुठ्ठा, नुसती धावपळ. चार दिवसांनी दारात येऊन उभे राहिले. तोंड एवढंसं.

"बाई, रोल कोरा निघाला. टोपण काढायचं राहिलं."

लेन्सचं टोपण बंद, पण बघायची खिडकी वेगळी. त्यामुळे आप्पांना सगळं बारसं स्वच्छ दिसलं होतं. कॅमेऱ्याला काहीच दिसलं नव्हतं.

मी हसले, पण आप्पांना हसू आलं नाही. त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं, "रईवारी परत बारसं. साड्या त्याच नेसा." घुगऱ्या त्यांनी स्वतः शिजवून आणल्या, खारट. दादांना केंदूरहून परत बोलावलं. अडचण एकच झाली, बाळाची आत्या शिरूरला निघून गेली होती. नाव कुणी ठेवायचं? आप्पांनी पुठ्ठ्याच्या मोठ्या भोकातून सगळ्यांवर नजर फिरवली आणि दादांवर थांबले. "पाव्हणं, आजच्या दिवस तुम्ही आत्या."

दादा नको नको म्हणत पाळण्यावर वाकले आणि बाळाच्या कानात कुर्रर्र केलं. आत्याच्या पाठीत धपाटे घालायचा मान बायकांचा. आमच्या कॉलनीतल्या बायकांनी अजिबात हात राखला नाही. दादा वाकलेल्या अवस्थेत हसत सुटले, टोपी पाळण्यात पडली, आणि आप्पांनी बटण दाबलं. या वेळी टोपण त्यांनी आधीच माझ्याकडे सांभाळायला दिलं होतं.

दादा आता नाहीत. हसरे दादा माझ्याकडे त्या एकाच फोटोत आहेत. टोपण राहिलं नसतं तर तेही नसते. त्या विसराळूपणाचे उपकार मी कसे फेडणार होते, मला कळत नव्हतं.

मी तेव्हा केडगावच्या एका शाळेत शिकवायचे, रोज दौंडहून शटलनं जायचे. स्टेशनच्या अलीकडे, रुळापासून एक शेत सोडून सुमन नावाची एक बाई ब्लाउज शिवायची. एकदा ती माझं माप घेत होती आणि मालगाडीचा आवाज आला. सुमननं टेप माझ्या खांद्यावर तशीच सोडली आणि अंगणात जाऊन उभी राहिली. मी टेपेसकट मागोमाग गेले. डबे संपता संपेनात. शेवटी गार्डाचा डबा आला. त्याच्या कठड्याला टेकून, झेंडी काखेत धरून एक माणूस कॅमेरा डोळ्याला लावून उभा होता. सुमन अजिबात हलली नाही. गाडी गेली.

"आमचे आप्पा," ती म्हणाली. "मी माझ्या मनानं लग्न केलं तवा म्हणले, परत तोंड दाखवू नको. आई न्हवती मधी पडायला. म्हून मी उंबऱ्याला कवा गेले न्हाई. पण हे तर माझंच अंगण हाय ना?"

"त्यांची गाडी कधी येते ते कळतं तुम्हाला?"

"कसं कळंल? मालगाडीचा काय नेम? सगळ्याच गाड्यांना बाहेर येते. कवातरी असत्यात."

टेप काढून तिनं परत माप घेतलं. ब्लाउज घट्टच झाला, पण मी तो तसाच वापरला.

धावत्या गाडीतून, पन्नासच्या लेन्सनं, अंगणात उभी असलेली मुलगी केवढी येत असेल? तांदळाएवढी. एकशेपस्तीसनं निदान चेहरा तरी आला असता. एवढी वर्षं आप्पा काय निवडत होते ते मला तेव्हा समजलं.

संध्याकाळी आप्पा ओट्यावर कॅमेरा पुसत होते. मला बघून सवयीनं म्हणाले, "मंग बाई? पस्तीस का एकशेपस्तीस?"

"पस्तीस."

"का वं?"

"एकशेपस्तीस घेतलीत तर जन्मभर लांबूनच बघाल. पस्तीसला जवळ जावं लागतं. तुम्हीच म्हणाला होतात." मग मी खांद्यावरचा मापाच्या खडूचा डाग दाखवला. "मी आज सुमनकडे माप द्यायला गेले होते. ती प्रत्येक मालगाडीला बाहेर येते, आप्पा. तुमच्या एकट्याच्याच गाडीला नाही. प्रत्येक."

आप्पा फडकं तसंच काचेवर फिरवत राहिले. मग आत गेले आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, आता हे माझ्याशी कधी बोलणार नाहीत.

पुढच्या सुट्टीला ते पुण्याला गेले. त्यानंतरच्या सुट्टीला इस्त्रीचा शर्ट घालून केडगावच्या शटलमध्ये बसले, माझ्या नवऱ्यानं पाहिलं. गळ्यात कॅमेरा होता. खिशात पुठ्ठा नव्हता.

आठवड्यानं मला घरी बोलावून भिंतीवर नवा फोटो दाखवला. अंगण, शिलाई मशीन, दोरीवरचे कपडे, मागचे रूळ, सगळं सुईनं कोरल्यासारखं लख्ख. आणि सगळ्यांच्या पुढे सुमनचा चेहरा, भला मोठा, पार पुसट. नाक, डोळे, हसू, सगळं धूसर.

"हलला का हो आप्पा?"

"हलला न्हाई. ह्या पस्तीसच्या लेन्सला एक मीटरच्या आतलं साफ येत न्हाई." आप्पांनी फोटोची चौकट उगीच सरळ केली. "मी बराबर अंतर धरून हुबा व्हतो. बटन दाबायच्या येळंला पोरगी म्होरं आली. मी मागं सरायला पायजे व्हतं, बाई. न्हाई सरलो."