बिरादार सरांचं धोरण

बिरादार सर कोथिंबिरीची जुडी आणायला निघाले तरी आधी आमच्या अंगणात छत्रीच्या टोकानं नकाशा काढायचे. "वहिनी, पारावरून गेलो तर सरपंच बोलत बसवतो, दर्ग्याकडून गेलो तर ते मारकं बकरं हाय. धोरण पाहिजे!" एवढं ठरेस्तोवर बाजार उठलेला असायचा. साल दुष्काळाचं, आभाळात ढगाचा पत्ता न्हाई, अन् यांच्या हातची छत्री काही सुटत नव्हती. बाया म्हणायच्या, "सर, पाऊस कोणत्या वाटेनं येतो तेबी काढा की!" सर खरंच विचारात पडायचे.

गावच्या हायस्कुलाचे ते हेडमास्तर. आमच्या समोरच्या खोलीत भाड्यानं राहायचे, एकटेच. बायको वारलेली, मुलगा नांदेडला नोकरीला. लातूर नुकताच नवा जिल्हा झाला होता, अन् सरांच्या डोक्यात एकच किडा शिरला: नव्या जिल्ह्यात दहावीचा निकाल आपल्या शाळेचा पहिला. शंभर टक्के!

धोरण आखलं. सकाळी जादा तास. जो तासाला येईल तो पक्का, न येईल तो कच्चा. पक्क्यांचेच बोर्डाचे फॉर्म भरायचे, कच्च्यांनी एक साल थांबायचं. नकाशा लई बारीक काढला, पण त्यात टँकर काही नव्हता. टँकर यायचा सकाळीच. अन् आमच्याकडं पाण्याच्या रांगेला गडीमाणूस उभा राहत न्हाई. घागर म्हणजे पोरीबाळींचं काम. आमच्याच घरातली, माझ्या दिराची पोरगी कमल गणितात भारी, पण तासाच्या वक्ताला ती घागरीपाशी. तिच्यासारख्या आणखी चार-सहा जणी. सगळ्या कच्च्या ठरल्या.

निकाल लागला, शंभर टक्के! दुसऱ्या दिवशी सकाळीच सरांना हार घातला, हलगी लावून मिरवणूक काढली. ती चौकात आली अन् थांबली, कारण मधी टँकर उभा. रांगेत त्याच पोरी. हलगी आपोआप बंद पडली. कमल घागर बाजूला घेऊन म्हणाली, "वाट द्या गं, सरांना जाऊ द्या." मग त्यांच्याकडं बघून म्हणाली, "सर, अभिनंदन."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच सरांची मान खाली गेली. हार तसाच गळ्यात घेऊन ते मागं फिरले. दोन दिवस खोलीचं दार लावलेलं.

मग आले ते थेट आमच्या ओसरीवर, दिरापुढं. दीर कमलसाठी स्थळ बघत होता. सर म्हणाले, "भाऊ, चूक माझी हाय. पोरीला एक साल द्या."

"देतो की. अन् पाणी कोण भरंल? तुम्ही?"

"हाव," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून हेडमास्तर बायांच्या रांगेत. दोन्ही हातांत कमलच्या अन् बाकीच्या पोरींच्या घागरी, लाजेनं कान लाल. तासाला त्यांनी दुसऱ्या मास्तरांना बसवलं होतं. बाया काय सोडतात? "सर, पदर घ्या डोईवर!" "अगं सरकून घे, नवीन सूनबाई आली!" त्या सालीही पावसानं दगा दिला, पण रांगेत सरांचा खाडा झाला न्हाई. पुढच्या निकालात कमल पास झाली, तिच्यासोबतच्या दोघी नापास झाल्या, अन् शाळा यादीत पार खाली गेली. संस्थेच्या लोकांनी सरांना उभं करून झापलं. सर ऐकून घेऊन आले.

पण मला आठवते ती परीक्षेच्या आधीची एक दुपार. मी भाकरी घेऊन त्यांच्या खोलीत गेले, कमल मागं वही घेऊन. बघते तर रांजण कोरडा, तळाला नुसती माती.

"सर, तुमचं पाणी?"

"पोरींच्या घागरी भरेस्तोवर टँकर संपतो, वहिनी."

"मग समोर आमचं घर न्हाई का? सांगायचं की!"

सर भिंतीकडं बघत बोलले, "कोणत्या तोंडानं मागू? जिचं साल घेतलं, तिच्याच घरचं पाणी पिऊ?"

कमल वही तिथंच ठेवून निघाली. घरी गेली, भरलेली घागर कमरेवर घेऊन आली अन् त्यांच्या रांजणात ओतली. मग तांब्या भरून पुढं धरला.

"प्या सर. अन् कालचं ते गणित सांगा, मला जमून न्हाई राहिलं."

सरांनी दोन्ही हातांनी तांब्या घेतला. आमच्याकडं पाठ केली, अन् लई वेळ पीत राहिले.