बोटीची मागची फळी

सिद्धोधनने बोटीच्या मागच्या फळीवर रबरी हातोडा मारला आणि कान जवळ नेला.

"पुढं टणटण वाजायलंय, अन् हितं भदभद."

"रबरी हातोड्यानं भदभदच वाजंल की," माणिकराव म्हणाले. "लोखंडी घ्या. मग बघा कसा दणकट आवाज येतोय."

बोट माणिकरावांच्या अंगणात ट्रॉलीवर चढवून ठेवली होती. गोदावरीवर बंधारा झाल्यापासून गावापुढे पाणी बारमाही तुंबून राहायचं, आणि अर्ध्या गावाची रानं पलीकडच्या काठावर. समोर पांढराफेक कापूस दिसायचा, पण तिथे पोचायला पाथरीच्या अंगाने जीपने वळसा घालून जावं लागे. वेचणीच्या बायका रानात पोचेपर्यंत ऊन डोक्यावर यायचं. म्हणून माजी उपसरपंच माणिकरावांनी गावाची वर्गणी जमवून, कुठल्याशा बंद पडलेल्या नौकाविहारातून ही जुनी फायबरची बोट इंजिनासकट पैदा केली होती. रविवारी तिचं उद्घाटन होतं.

सिद्धोधनला बोलावलं होतं ते इंजिन बघायला. एसटीच्या डेपोत तीस वर्षं मेकॅनिकी करून तो नुकताच निवृत्त झाला होता. इंजिन उत्तम निघालं. पण इंजिन ज्याला बांधलंय तेही हलवून बघायचं, ही त्याची डेपोतली खोड. त्याने इंजिनाचा खालचा भाग धरून वर उचलला, तर मागची अख्खी फळी त्याच्याबरोबर वाकली.

"फळी सडलीय, माणिकराव."

"फायबर कुठं सडतंय का? ना वाळवी, ना गंज!"

"फायबर न्हाई सडत. पण फायबरच्या दोन थरांमधी प्लायवूड असतंय. स्क्रूच्या भोकातून पाणी आत गेलं की त्याला बाहेर यायला वाटच न्हाई. बघा, ह्या स्क्रूखाली तांबडी वघळ दिसायलीय."

तेवढ्यात सिद्धोधनची बायको सुकेशनी त्याला जेवायला बोलवायला आली. तिने येता येता फळीवर बोटाने टकटक केलं.

"मडकं घेताना मी असंच बघते," ती म्हणाली. "हे मडकं मी घेतलं नसतं."

"वहिनी, तुमीबी?" माणिकराव दुखावल्यासारखे म्हणाले.

सिद्धोधनने जेवण बाजूला ठेवलं आणि ड्रिल आणलं. आतल्या बाजूने त्याने फळीला पेन्सिलीएवढं भोक पाडलं. कोरडा पिवळा भुसा यायला हवा होता. आला तो चहाच्या चोथ्यासारखा काळा, ओला लगदा.

"आतला मसाला असंल," माणिकराव म्हणाले. "कंपनी भरती तसला."

सड कुठवर गेली आहे हे कळायला सिद्धोधनने शेजारी दुसरं भोक पाडलं, मग तिसरं. सातव्या भोकातून तर पाणीच ठिबकायला लागलं. नेमक्या त्याच वेळी दळण घेऊन गिरणीकडे निघालेली वेचणीवाली कुसुमबाई फाटकापाशी थांबली. तिने बोट पाहिली, भोकं पाहिली, सिद्धोधनच्या हातातलं ड्रिल पाहिलं, आणि काही न विचारता ती झपाझप पुढे गेली.

संध्याकाळपर्यंत गिरणीत सात भोकांची सतरा झाली होती. चावडीपर्यंत ती बोटीच्या बुडाला पोचली. पारावर तर असं ठरलं की, उद्घाटनाच्या पत्रिकेत नाव नाही म्हणून मिस्तरीने बोटीचा काटा काढला. सकाळी शेजारचे व्यंकटराव खास चौकशीला आले.

"मिस्तरी, बोट पाण्यात सोडायची असती. तिला भोकं कशाला पाडलीत?"

"तपासायला पाडली."

"मग सापडली का?"

"काय?"

"भोकं!"

सिद्धोधनने कपाळाला हात लावला. तिकडे माणिकरावांनी खामखा चर्चा नको म्हणून सातही भोकं पुट्टीने बुजवली, वरून पिवळा रंग मारला आणि उद्घाटन ठरल्याप्रमाणेच होईल असं जाहीर करून टाकलं.

रविवारी सुकेशनीला वाटलं, नवरा रुसून घरीच बसेल. पण तो सकाळीच आंघोळ करून जाड दोर खांद्यावर टाकून निघाला.

"अवो, आता कशाला जायलाव? लोक नावं ठेवायलेत."

"ठेवू दे. पण बायका बसणार हायत त्या बोटीत."

काठावर अख्खं गाव जमलं होतं. सिद्धोधनने माणिकरावांना बाजूला घेतलं. "पहिली फेरी तुमी अन् मी. तिसरं कुणी बसलं तर मी काठावर आडवा पडंन." माणिकरावांनी विचार केला. दोघंच असले तर फोटोत आपण नीट दिसू. ते कबूल झाले. मग सिद्धोधन दोराचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं बोटीच्या नाकाडातल्या कडीला बांधायला लागला.

"हे दावं कशाला? इंजिन काय वासरू हाय का पळून जायला?"

"असू द्या."

नारळ फुटला. बोट पाण्यात गेली आणि मोठ्या डौलाने तरंगली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि सिद्धोधनकडे असं बघितलं की त्याला क्षणभर स्वतःच्याच कानांचा संशय आला. माणिकराव इंजिनाचा दांडा धरून उभे राहिले.

"हळू घ्या," सिद्धोधन म्हणाला.

"गावानं बघितलं पायजे!" म्हणत माणिकरावांनी दांडा पुरता पिळला.

ओला पुठ्ठा फाटावा तसा आवाज झाला. इंजिन मागच्या फळीसकट कलंडलं, गावाकडे तोंड करून एकदा वाकलं आणि पाण्यात बसलं. माणिकरावांनी दांडा सोडला नाही, त्यामुळे तेही इंजिनाबरोबर गेले. इंजिनाने एक गुळणी केली आणि ते गप्प झालं. पाठ उघडी पडलेली बोट सिद्धोधनला घेऊन सावकाश खाली बसली. काठ जवळ होता, पाणी कमरेएवढंच होतं.

"माणिकराव," काठावरून कुसुमबाई ओरडली, "पलीकडं बोट न्यायची व्हती का नुसतं इंजिन?"

हसून हसून लोकांच्या पोटात दुखायला लागलं. दोर ओढून इंजिन काठावर काढलं. माणिकराव निथळत दगडावर बसले. फळीचा एक तुकडा त्यांच्या हातात राहिला होता. त्यांनी तो दाबला, तर कुस्करलेल्या भाकरीसारखा बोटांमधून गळून पडला.

"मिस्तरी," ते हळूच म्हणाले, "माझ्या भरोशावर धा-बारा बायका बसल्या असत्या हिच्यात. अन् मधी खोल पाणी."

सिद्धोधनने मनात जुळवून ठेवलेली दोन-तीन चांगली वाक्यं होती. ती त्याने गिळली.

"बसल्या न्हाईत ना. मग झालं. उठा, कपडे बदला."

दुसऱ्या दिवसापासून दुरुस्ती सुरू झाली. परभणीहून कुलरच्या फायबर बॉड्या बनवणारा आदिनाथ आला. त्याने आतला थर कापला, सिद्धोधनने पाण्यात गेलेलं इंजिन खोलून साफ केलं, सडलेलं सगळं लाकूड खरवडून काढलं आणि बोट हिवाळ्याच्या कोरड्या उन्हात आठ दिवस वाळवली. मग नवं प्लायवूड चारही कडांनी रेझिनचा चिकट रस पाजून बसवलं. प्रत्येक स्क्रूचं भोक आधी मोठं पाडून रेझिनने भरलं आणि त्यात पुन्हा बारीक भोक पाडलं, म्हणजे पाण्याला लाकूड दिसूच नये. माणिकराव रोज समोर बसून बघत होते. आठवड्यात ते असे पालटले की येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचे, "बोट नाक वर करून ठेवावी, बूच काढून पावसाचं पाणी मागच्या भोकातून निघून जावं, अन् ताडपत्री घातली तरी खालून वारा खेळावा. फायबरच्या भरोशावर राहू नका!"

बोट पुन्हा पाण्यावर आली तेव्हा बायका वेचणीच्या झोळ्या घेऊन उजाडताच हजर होत्या. पण माणिकराव रबरी हातोडा घेऊन आडवे उभे राहिले.

"तपासल्याबिगर कुणी पाय ठेवायचा न्हाई!"

"आदिनाथनं तपासली, मी तपासली, सुकेशनीनं तपासली," सिद्धोधन म्हणाला.

"मी न्हाई तपासली." आणि ते नाकापासून सुरू झाले. टण. टण. प्रत्येक ठोक्याला कान लावायचा, डोळे मिटायचे, सिद्धोधनची मान हलल्यावर वीतभर पुढे सरकायचं. मधल्या फळीपर्यंत ऊन चढलं. मागच्या फळीवर तर त्यांनी चाळीस ठोके मारले. शेवटी घाम पुसत उठले आणि म्हणाले, "पास! बसा गं आता."

काठावर कुणीच नव्हतं.

"ओ माणिकराऽऽव!" हाक पलीकडच्या काठावरून आली. कुसुमबाई पदर हलवत होती. "आमी जीपनं आलाव! आमच्या भाकरी तिकडंच राह्यल्या, तेवढ्या आणता का?"

माणिकरावांनी बोटीकडे पाहिलं, मग दगडावरच्या गाठोड्याकडे. ते त्यांनी दोन्ही हातांनी उचलून बोटीच्या मधोमध ठेवलं आणि त्याच्याशेजारी बसले. सिद्धोधनने इंजिन सुरू केलं. मागची फळी तसूभर हलली नाही. बोट नदीच्या मध्यावर आली आणि माणिकराव एकदम किंचाळले.

"मिस्तरी! ओल! बुडाला ओल!"

सिद्धोधनने इंजिन बंद केलं, वाकून हाताचं बोट ओलीला लावलं, हुंगलं, आणि मग चाटलं.

"ताक हाय," तो म्हणाला.

पलीकडे पोचल्यावर कुसुमबाईने गाठोडं सोडून पाहिलं. भाकरी भिजल्या होत्या, ताकाची बाटली रिकामी होती.

"एवढी मोठी बोट ठोकून ठोकून बघितली," ती म्हणाली, "माझ्या बाटलीचं झाकण तेवढं बघितलं न्हाई व्हय?"