आइंडहोवनची शिवराई

रविवारी सकाळी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनबाहेरच्या एका शेताच्या बांधाशी यशोधनला मातीत तांब्याचे नाणे सापडले. चिपच्या कंपनीत मोजमापाची यंत्रे सांभाळणाऱ्या या पुणेकराने शेतकऱ्याच्या परवानगीने धातुशोधक यंत्र फिरवायला घेतले होते, ते परक्या मातीने आपल्यालाही काही सांगावे या जराशा हळव्या अपेक्षेने. आजवर मातीने त्याला फक्त बियरच्या बाटल्यांची झाकणे सांगितली होती. म्हणून नाण्यावर देवनागरी अक्षरे दिसताच तो चिखलात गुडघ्यांवर बसला. ती शिवराई होती. शेजारी एक सुपारीही होती.

त्याच्या हातून एकच चूक झाली. नाणे घरी दाखवण्याआधी त्याने त्याचा फोटो महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकला.

तो सायकलवरून घरी पोहोचेपर्यंत इतिहास उपसमिती स्थापन झालेली होती. दारात मंडळाचे अध्यक्ष नरेंद्रराव मखमली डबी घेऊन उभे होते. नाणे हा राष्ट्रीय ठेवा असल्याचे सांगून त्यांनी ते ताब्यात घेतले. कोणत्या राष्ट्राचा, हा मुद्दा पुढील बैठकीसाठी राखून ठेवण्यात आला. सुपारीची नोंद मसाल्याच्या व्यापाराचा पुरावा म्हणून झाली.

यशोधनची बायको जयंती हिने फोटो पाहिला आणि कुकरखालचा गॅस बंद केला.

"हे माझ्या आईचं नाणं आहे."

"कशावरून?"

"कडेला ठेचलंय बघ. लहानपणी मी त्याच्यावर अक्रोड फोडला होता. मंडळाच्या गणपतीच्या आसनाखाली ठेवायला नरेंद्ररावांनीच ते मागून नेलं. कालव्यात काही टाकायची सोय नाही, म्हणून निर्माल्य त्या शेतात पुरलं, त्यात गेलं असणार. खड्डा कोणी खणला होता?"

खड्डा यशोधननेच खणला होता.

"पाडव्याला आई येतेय. पणजीपासून देव्हाऱ्यातलं नाणं आहे ते, इकडे येताना तिनं माझ्याकडे दिलेलं. इतके दिवस फोनवर 'आहे गं, आहे' म्हणून निभावलं. आता काय दाखवू तिला? तुझी झाकणं?"

दुसऱ्या दिवशी तो नरेंद्ररावांकडे गेला. नाण्याच्या अक्षरांत अडकलेली पिवळी पूड हा तोफेच्या दारूतील गंधक होय, असा निष्कर्ष तोवर उपसमितीने एकमताने काढला होता.

"ती हळद आहे, नरेंद्रराव. नाणं सासूबाईंचं आहे."

"मला वैयक्तिक पातळीवर पटतंय रे. आसनाखाली मीच ठेवलं होतं, तेही आठवतंय. पण समितीच्या पातळीवर अजून आठवलेलं नाही."

"मग एखाद्या डच तज्ज्ञाला दाखवू."

"आपला इतिहास त्यांना काय कळणार?"

"पाडव्याला सासूबाई येतायत हो."

"अरे वा," नरेंद्रराव मनापासून म्हणाले. "मग प्रदर्शनाचं उद्घाटन त्यांच्याच हस्ते करू."

पाडव्याला सभागृहात काचेच्या पेटीत, निळसर उजेडात, नाणे एखाद्या एकाकी ताऱ्यासारखे ठेवले होते. यशोधन सगळे खरे सांगायचे ठरवून उठला. तेवढ्यात त्याच्या खांद्यांवर शाल पडली. शाल उबदार होती. तिच्या आतून खरे बोलण्याची सोय नव्हती. तो म्हणाला, "मी निमित्तमात्र."

त्याच्या सासूबाई, वीणाताई, काचेवर वाकल्या आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"अगदी आपल्यासारखं आहे गं, जयू. कडेलाही तसंच ठेचलंय."

जयंतीने शालीतल्या यशोधनकडे पाहिले.

"त्या काळीही मुली अक्रोड फोडत असतील," वीणाताई म्हणाल्या, आणि त्यांनी हात जोडले.

नेमका तोच क्षण कुणीतरी टिपला. खाली ओळ आली : 'मराठे हॉलंडच्या दारात!' फोटो जगभर फिरला. तुम्हांलाही तो आला होता. तुम्ही तो कुटुंबाच्या, शाळेच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर पुढे पाठवलात, आणि खाली लिहिलेत, "हे आपल्याला कधी शिकवलंच नाही."